चौघांची नावं

त्या रात्री हर्णैच्या बंदरात पाणी निळं पेटलं.
होडीचा दोर ओढला की दोराला उजेड लागायचा,
पाय बुडवला की घोट्याभोवती
कुणी पैंजण बांधल्यासारखा.

साडेदहाला मेसेज आला:
समुद्रात केमिकल सोडलंय. सुरमई खाऊन
दापोलीत चौघे दवाखान्यात. दोघे सीरियस.
टीव्हीवाले दाखवणार नाहीत. आपल्या माणसांना सांगा.

मी सांगितलं.
अंगठ्याने. सदतीस जणांना.
बर्फाची एक लादी फोडायला मला जितका वेळ लागतो
तितकासुद्धा लागला नाही.
'आपल्या माणसांना' हे वाचून
आतून फार बरं वाटलं होतं, कबूल करतो.

सकाळी लिलावाला पुकारणारे होते, घेणारे नव्हते.
बैलगाड्या पाण्यात तशाच उभ्या.
चाळीस हजारांचा माल अकराला गेला
आणि गेला तोही खताला.

चांगुणा पावसे कुणाला शिव्या देत बसली नाही.
तिनं लोणच्याची रिकामी बरणी घासली,
अंधार पडल्यावर समुद्राचं पाणी भरून आणली,
आमच्या ओट्यावर ठेवली, दिवा मालवला.
काही नाही. काळं पाणी.
हलवली, पेटलं.
ठेवली, विझलं.
"केमिकलला कसं रे कळतं
कुणी हलवलं ते?"

मी म्हटलं, म्हणजे मेसेज खोटा.
"तसं कधी म्हटलं मी?
पाण्यात काहीतरी जितं असेल, एवढंच.
जितं ते विषारी नसतं, असं कुठे आहे? फुरसं काय मेलेलं असतं?"
मग पदराला हात पुसत, जरा थांबून:
"आणि माझ्या तीन पाट्या बर्फात पडल्यायत.
मला तो खोटाच हवाय.
तेव्हा आधी माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

हे वाक्य मी तोवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.
देवळात नाही, सभेत नाही,
विज्ञानाच्या सरांकडून तर नाहीच,
ते व्याख्या लिहून द्यायचे.

तिनं दापोलीला सायरा मुकादमला फोन लावला,
दवाखान्यात रात्रपाळीला असते ती.
"त्या चौघांची नावं सांग."
नावं नव्हती. चौघे नव्हते.
एक होता, आंजर्ल्याचा, उलट्या होत होत्या,
हळदीला जेवलेला: कोलंबी, वर गाडीवरची कुल्फी.
सकाळी चालत घरी गेला.
"म्हणजे कुणीच नाही," मी म्हटलं.
"एक," ती म्हणाली.
"एकाचे चार करायचे नाहीत, तसं शून्यही करायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ती पाटी मांडून बसली.
लांबूनच लोक विचारत, मावशी, खायला चालेल ना?
ती कल्ला उचलून दाखवी, लाल.
बोटानं दाबी, मांस परत वर येई.
"परवाचा आहे, बर्फातला. खराब नाही, हे मला दिसतं.
निळ्या पाण्याचं मला ठाऊक नाही.
रत्नागिरीला मत्स्य कॉलेजात बाटली धाडलीय.
काल रात्री मी खाल्ला, आत्ता इथं बसलेय. एवढंच."
गिऱ्हाइकं पुढच्या पाटीकडे वळली,
तिथं शंभर टक्के गॅरंटी मिळत होती.

नवव्या दिवशी उत्तर आलं.
सूक्ष्म जीव आहेत, उजेड त्यांचाच.
नमुना एकच असल्याने याहून जास्त सांगता येत नाही.
हे शेवटचं वाक्य तिनं मला दोनदा वाचायला लावलं.

मीही सदतीस जणांना कळवलं, माझी चूक झाली म्हणून.
पाच जणांनी उघडलं.
एकानं लिहिलं, तुला किती मिळाले?
बाकीच्यांकडून तो मेसेज कुठवर गेला असेल,
कुणाच्या ताटातला तुकडा उचलून गेला असेल,
मला मोजता येत नाही.

पाणी आता काळंच आहे.
बरणीत पुन्हा कैरीचं लोणचं आहे.
तिच्या घरी गेलो की उगाच मी ती
एकदा हलवून बघतो.